रिचार्ज भलत्याच नंबरवर गेले, तर पैसे परत कसे मिळवावेत

रिचार्ज चुकल्याचे आपल्याला बहुधा लगेच कळत नाही. पडद्यावर हिरवी खूण येते, खात्यातून रक्कम वजा होते आणि ज्याच्यासाठी रिचार्ज केले तो माणूस तासाभराने ‘अजून काही आलेच नाही’ असे सांगतो. माझ्याकडून ही चूक आईच्या नंबरबाबत झाली. शेवटच्या चार आकड्यांतले ४७ मी ७४ असे दाबले आणि टॉकटाइम एका पूर्णपणे अनोळखी माणसाच्या सिमवर जाऊन बसला. पहिला तास मी ॲप पुन्हा पुन्हा उघडून पाहण्यात घालवला. खरे तर हातपाय हलवायचे ते त्याच तासात, कारण चुकून गेलेला बॅलन्स जोवर वापरला गेलेला नसतो, तोवरच कंपनीला तो सहजपणे मागे घेता येतो.

एवढी साधी चूक यंत्रणेच्या लक्षात का येत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. बँक कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा हा पडताळणीचा आकडा असतो. लून यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने तो आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो, त्यामुळे कार्डाचा एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर एखादा अपवाद वगळता तो क्रमांक जागच्या जागी नाकारला जातो. हँडसेटच्या १५ आकडी आयएमईआय क्रमांकालाही अशीच राखण असते. फोन नंबरला मात्र असा पडताळणीचा आकडा नसतो. आकड्यांची संख्या बरोबर भरली की यंत्रणेच्या दृष्टीने नंबर बरोबर ठरतो, आणि आपला चुकलेला नंबर हा बऱ्याचदा दुसऱ्या कोणाचा तरी चालू नंबर असतो. म्हणूनच कंपनीच्या नोंदीत आपला व्यवहार ‘यशस्वी’ म्हणूनच दिसतो, आणि तो चुकीचा होता हे कागदपत्रांसह पटवून देण्याचे काम आपल्याकडे येते.

पैसे आत्ता नेमके कोणाकडे आहेत

तक्रार करण्याआधी या एका प्रश्नाचे उत्तर शोधावे, कारण दाद कोणाकडे मागायची ते त्यावरच ठरते. ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत जाऊन तो विशिष्ट व्यवहार उघडावा. तेथे ‘प्रलंबित’ किंवा ‘अयशस्वी’ असे लिहिलेले असेल, तर रक्कम बँक, ॲप आणि मोबाइल कंपनी यांच्यामध्ये कोठेतरी अडकलेली आहे, कोणाच्याही सिमवर गेलेली नाही. अशी रक्कम बहुतेक वेळा आपोआप परत येते. या वेळी अधीर होऊन पुन्हा रिचार्ज करणे हीच मोठी चूक ठरते, कारण थोड्या वेळाने पहिला व्यवहारही पूर्ण होतो आणि एकाच नंबरवर दोन रिचार्ज होऊन बसतात. दोन झालेच असतील, तर काही कंपन्या दुसरा पॅक लगेच सुरू न करता रांगेत ठेवतात. तसे असल्यास तो सुरू होण्यापूर्वीच रद्द करण्याची मागणी करावी, आणि त्यात ‘एकच नंबर, एकच रक्कम, काही मिनिटांचे अंतर’ हा मुद्दा ठळकपणे मांडावा. दुबार व्यवहाराची तक्रार मान्य होणे त्या मानाने सोपे असते, कारण चूक नोंदीतच उघड दिसते.

व्यवहार यशस्वी दिसत असेल, तर त्यातला नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचावा. नंबर आपलाच निघाला, तर घरातल्या फोनमध्ये दोन सिम आहेत का आणि बॅलन्स दुसऱ्या सिमचा तपासला जात आहे का, हे आधी पाहावे. हसू येईल, पण ‘रिचार्ज हरवले’ अशी तक्रार पुष्कळदा येथेच मिटते. नंबर बरोबर आणि पॅक मात्र भलताच, म्हणजे टॉकटाइमऐवजी केवळ इंटरनेटचा पॅक टाकला गेला असेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तो पॅक अजून वापरलेला नाही हे सांगावे, आणि तोपर्यंत त्या फोनचे मोबाइल इंटरनेट बंद ठेवावे. पार्श्वभूमीला चालणाऱ्या ॲपने थोडासा जरी डेटा वापरला, तरी कंपनीच्या दृष्टीने पॅकचा वापर सुरू झालेला असतो.

परदेशातल्या नंबरवर टॉपअप करताना आणखी एक घोळ होतो. देशाच्या संकेतांकासह कोणत्याही नंबरात जास्तीत जास्त १५ आकडे असतात आणि देशांतर्गत लावले जाणारे सुरुवातीचे शून्य बहुतेक देशांत गळते. ॲपने संकेतांक आधीच लावलेला असताना आपण तो पुन्हा लिहिला, तर व्यवहार सहसा अडतो. देशच चुकीचा निवडला असेल, तर मात्र तो खुशाल पुढे जाऊ शकतो.

नंबर खरोखरच दुसऱ्याचा असेल तर

पहिला फोन जेथून रिचार्ज केले तेथे करावा. दुकानातून केले असेल, तर शक्यतो दुकान सोडण्यापूर्वीच सांगावे. रिचार्ज दुकानदाराने आधी पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून होत असते, आणि व्यवहार उलटवण्याची विनंती त्यालाच आपल्या वितरकाकडे किंवा कंपनीकडे पाठवता येते. या विनंतीला मुदत फार थोडी असते. चूक कोणाची यावर काउंटरशी वाद घालत बसण्यापेक्षा आपण नंबर लिहून दिलेला कागद त्याच्यापुढे ठेवावा. कागदावर नंबर बरोबर असेल, तर वादाचे कारणच उरत नाही. (म्हणूनच नंबर तोंडी सांगण्यापेक्षा लिहून द्यावा, असा माझा आग्रह असतो.)

ॲपमधून किंवा बँकेतून केले असेल, तर त्यांची ग्राहक सेवा आणि मोबाइल कंपनी अशा दोन्हीकडे लागोपाठ तक्रार नोंदवावी. येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. एका रिचार्जला बरेचदा तीन वेगवेगळे संदर्भ क्रमांक असतात: बँकेचा, ॲपचा आणि मोबाइल कंपनीचा. मोबाइल कंपनीच्या प्रतिनिधीला बँकेचा क्रमांक सांगितला, तर तो प्रामाणिकपणे ‘असा व्यवहार दिसत नाही’ असे म्हणतो, आणि आपल्याला वाटते की तो टोलवाटोलवी करतो आहे. त्याला हवा असतो तो ‘ऑपरेटर संदर्भ क्रमांक’. तो ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलाच्या पानावर, बऱ्याचदा अगदी खाली दिलेला असतो. स्क्रीनशॉटही त्याच पानाचा घ्यावा, कारण हिरव्या खुणेच्या पानावर क्वचितच पुरेसा तपशील असतो.

फोनवर बोलणे झाले तरी लेखी तक्रार अवश्य पाठवावी. मजकूर लांबलचक नसावा. असा पुरे:

‘दिनांक … रोजी … वाजता मी … या नंबरवर … एवढ्या रकमेचे रिचार्ज करणार होतो. शेवटचे दोन आकडे उलटे दाबले गेल्यामुळे ते … या नंबरवर झाले. हा नंबर माझा अथवा माझ्या परिचयातील कोणाचा नाही. योग्य नंबरवर मी यापूर्वीही रिचार्ज केलेले असून त्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. सदर व्यवहार उलटवावा. ते शक्य नसल्यास न वापरलेली रक्कम योग्य नंबरवर वळती करावी आणि तक्रार क्रमांक कळवावा.’

यातले जुन्या रिचार्जांबद्दलचे वाक्य सर्वांत वजनदार आहे. तोच नंबर, तीच रक्कम, दर महिन्याला, आणि या वेळी फक्त दोन आकडे इकडचे तिकडे, असे चित्र समोर आले की चूक अनवधानाने झाली आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. उलट मुळाशी साम्य नसलेल्या नंबरच्या तक्रारीकडे कंपन्या संशयाने पाहतात आणि त्यांचेही चुकते असे म्हणता येणार नाही, कारण मित्राला रिचार्ज करून, त्याने ते वापरल्यावर ‘चूक झाली’ म्हणणारेही असतात.

त्या अनोळखी नंबरशी संपर्क साधावा का? माझ्या मते एकच सभ्य संदेश पाठवावा आणि उत्तराची वाट पाहावी. ‘आपल्या नंबरवर चुकून रिचार्ज झाले आहे, कंपनीकडे तक्रार दिली आहे, शक्य असल्यास तो बॅलन्स वापरू नये ही विनंती’ एवढे पुरे. समोरचा मनुष्य भला असेल आणि कंपनीकडे बॅलन्स पाठवण्याची सोय असेल, तर तो परत पाठवूही शकतो. मात्र या सोयीला शुल्क आणि मर्यादा असतात, आणि पॅकमधला डेटा किंवा व्हॅलिडिटी बहुधा अशी पाठवता येत नाही. दिवसातून चार वेळा फोन करून त्याला हैराण करू नये, कारण त्याने काही मागितलेले नव्हते.

बँकेकडे कार्ड व्यवहाराबाबत वाद नोंदवण्याचा मार्ग अनेकांना पहिल्यांदा आठवतो, पण तो सेवा मिळालीच नाही, व्यवहार दुबार झाला किंवा परवानगीशिवाय झाला, अशा प्रसंगी उपयोगी पडतो. आपणच चुकीचा नंबर भरून आपणच मंजुरी दिली असेल, तर बँक सहसा हात वर करते. खोटे कारण देऊन वाद जिंकण्याच्या फंदात पडू नये, कारण त्यापायी ॲपचे खातेच गोठवले जाऊ शकते.

कंपनीने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही किंवा कारण न देता नकार दिला, तर तिच्याच वरिष्ठ तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर दूरसंचार नियामक किंवा ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाता येते. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा तक्रार क्रमांक विचारतात, त्यामुळे तो जपून ठेवावा. कंपनीच्या अटींमध्ये ‘यशस्वी रिचार्ज परत होत नाही’ असे वाक्य जवळपास हमखास सापडते. तरीही न वापरलेल्या रकमेबाबत विनंती करायला हरकत नसते, आणि ती पुष्कळदा मानलीही जाते.

एक सावधगिरी यात सर्वांत महत्त्वाची आहे. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून मिळेल तो लावू नये. तो ॲपमधून, सिमच्या पाकिटावरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. परतावा देण्यासाठी कोणाला आपला पिन, ओटीपी किंवा फोनचा पडदा दूरवरून पाहण्याची परवानगी लागत नाही. हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू होते. ‘तुमच्या नंबरवर चुकून रिचार्ज झाले, तेवढे पैसे पाठवा’ असा फोन आपल्याला आला, तर प्रथम बॅलन्स तपासावा, आणि रक्कम खरोखर आली असली तरी थेट पैसे न पाठवता समोरच्याला कंपनीकडे तक्रार करायला सांगावे. आपण पैसे पाठवले आणि कंपनीनेही तो बॅलन्स मागे घेतला, तर दोनदा भुर्दंड आपल्यालाच पडतो.

परतावा मंजूर झाल्याचा संदेश आला की रक्कम कोठे आली ते पाहावे. ती बँक खात्याऐवजी ॲपच्या वॉलेटमध्ये येऊन पडलेली असू शकते, किंवा वापरलेला भाग कापून कमी आलेली असू शकते. मला आठ दिवसांनी मिळाली ती अशीच, थोडी कापून. त्यानंतर ॲपमधल्या ‘अलीकडील रिचार्ज’ या यादीतून तो चुकीचा नंबर काढून टाकावा, आणि आपोआप होणारे रिचार्ज लावून ठेवले असेल तर तेही तपासावे, कारण बंद केलेले जुने नंबर कंपन्या काही काळाने नव्या ग्राहकाला देतात. मी नंबर काढायला विसरलो होतो. पुढच्या महिन्यात यादीत सर्वांत वर तोच ७४ वाला नंबर दिसत होता, आणि माझे बोट त्याच्यावर गेलेही होते.