हॉलच्या टाइल्सवर रेनेसाँचं पर्स्पेक्टिव्ह शिका

ठाण्यात नवीन फ्लॅट घेतला की हॉलमध्ये दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतातच, आणि रेनेसाँचं (युरोपच्या प्रबोधनकाळातलं) पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांब दाखवायची रीत, शिकायला तेवढं सामान पुरतं. पोरं इंटरमिजिएट ड्रॉइंगला बसणार असतील तर त्यांच्याकडून करून घ्या, मोठ्यांनी पण करा, मजा येते.

आधी खिडकी. स्लायडिंगची काच पुसून घ्या, खुर्ची टाका, हनुवटी कशावर तरी टेकवा म्हणजे डोकं हलणार नाही, मग एक डोळा मिटून समोरच्या टॉवरच्या कडा व्हाइटबोर्ड मार्करने काचेवर गिरवा. डोळा जरा जरी सरकला की रेषा जुळत नाहीत, बघा हलवून. फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १५व्या शतकाच्या सुरुवातीला हाच डोळा एका जागी बांधला, तिथल्या बाप्तिस्ट्रीचं (बाप्तिस्मा द्यायच्या इमारतीचं) चित्र फळीवर काढलं, फळीला भोक पाडलं आणि लोकांना मागून त्या भोकातून आरशात बघायला लावलं. भारी डोकं. त्याआधी हा रोमला जाऊन जुन्या पडक्या इमारती मोजत फिरायचा असं त्याच्या चरित्रात आहे. मग १४३५ मध्ये अल्बर्टी या इटालियन लेखक-वास्तुकाराने रीत लिहूनच काढली, आधार काय तर दृष्टीच्या किरणांची ग्रीकांपासून आलेली जुनी भूमिती, आणि चित्र म्हणजे उघडी खिडकी हे पण त्याचंच.

आता कागद. ए थ्री आडवा घ्या, खाली रेघ मारून चार-चार सेंटीमीटरचे भाग करा, एक भाग म्हणजे एक टाइल, म्हणजे दोन फूट. उभं राहून तुमचा डोळा पाच फुटांवर असेल तर अडीच भाग, म्हणजे दहा सेंटीमीटर वर दुसरी आडवी रेघ, तिच्या मधोमध टिंब. खालची प्रत्येक खूण त्या टिंबाला जोडा. इथपर्यंत सगळ्यांना जमतं, गाडी अडते ती मागे जाणाऱ्या आडव्या रेघांपाशी, कारण लोक अंदाजाने अंतर कमी करत जातात. तेव्हाचे चित्रकार पण पुढचा पट्टा आधीच्याच्या दोन तृतीयांश असं करायचे आणि अल्बर्टीने ते चूक म्हणून सरळ झापलंय.

सोपी पद्धत अशी. पहिल्या टाइलच्या कडेपासून तुम्ही पाच टाइल्स मागे उभे आहात समजा, मग मधल्या टिंबापासून पाच भाग उजवीकडे, त्याच रेघेवर, दुसरं टिंब द्या (वीस सेंटीमीटर होतात, कागदात मावतं). तिथून खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या खुणेपर्यंत तिरकी रेघ, ती टिंबाकडे जाणाऱ्या रेघांना जिथे जिथे कापेल तिथून आडव्या रेघा मारा. झाली फरशी. चेक करायचं असेल तर कुठल्याही टाइलचा कर्ण पट्टीने पुढे वाढवा, तो पुढच्या टाइल्सच्या कोपऱ्यांतूनच गेला पाहिजे, नाही गेला तर खोडा.

माणसं घालायची असतील तर तुमच्या उंचीच्या सगळ्यांचे डोळे त्या वरच्या रेघेवर, जवळचा असो की लांबचा, पाय मात्र आपापल्या टाइलवर.

राफाएलच्या स्कूल ऑफ अथेन्स या भित्तिचित्राचं (१५०९ ते ११) प्रिंट मिळालं तर त्यावर पट्टी ठेवून बघा, रेघा प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या मध्ये जमतात. पण उजवीकडे लोकांनी हातात धरलेले गोळे त्याने साधे गोलच काढलेत, नियमाने ते लांबट यायला हवे होते. त्यामुळे कडेला फुटबॉल काढायचा असेल तर बिनधास्त कंपास वापरा.