गावठाणातल्या घरावर विकास आराखड्याची रेघ आहे का, हे कसे तपासावे

मुंबईतल्या मढ, एरंगळ, आक्से, गोराई असल्या गावांत "रस्ता आपल्या अंगणातून जातोय म्हणे" ही बातमी आधी नाक्यावर येते, कागद नंतर. अशा बातमीवर सभा बोलावण्याआधी आपल्या जागेचा नंबर हातात घ्या.

नंबर म्हणजे नगर भूमापन क्रमांक, बोलीभाषेत सीटीएस. तो मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) असतो. सोबत मौजा (महसुली गाव) आणि तालुकाही उतरवून घ्या (उपनगरात तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली, कुर्ला), कारण मौजा चुकला की त्याच नंबराची भलतीच जमीन समोर येते. शेत किंवा वाडी असेल तर सातबारा काढा. घरपट्टीच्या बिलावर भिस्त ठेवू नका. तो मालकीचा पुरावा नाही.

पत्रिकेवर नाव कोणाचे आहे, हे इथेच बघा. बहुतेक गावठाणांत ते आजोबांचे निघते. वारसनोंद आजच टाका. ती नसली तर पुढे सुनावणीत तुमचे म्हणणे ऐकायचे कोणत्या नात्याने, असा प्रश्न येतो, आणि तो वाजवी आहे.

मग गावाचे नियोजन कोणाकडे आहे ते विचारा. मुंबईत सगळीकडे महापालिकाच असते असे नाही: वांद्रे-कुर्ला संकुल एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आहे, गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यासाठीही तिची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली होती. चुकीच्या दारात दिलेला अर्ज नुसताच पडून राहतो.

महापालिकेच्या हद्दीत असाल तर सीटीएस टाकून 'डीपी रिमार्क', म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवले आहे याचा लेखी अभिप्राय, मागवा. 2034 पर्यंतचा विकास आराखडा 1 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. रिमार्कमध्ये तीन गोष्टी वाचा: झोन (जमिनीचा वापर कशासाठी), आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) आणि प्रस्तावित रस्ता. आरक्षणाच्या संकेताचे पहिले अक्षर महत्त्वाचे. 'आर' म्हणजे पुढे करायचे आरक्षण, 'डी' म्हणजे तिथे आधीपासून असलेली सुविधा. गावाच्या मैदानावर 'डी' हवा आणि तो नसेल, तर ते मैदान कागदावर मैदानच नाही. जुन्या 'ना विकास क्षेत्रा'तली बरीच जमीन आता 'विशेष विकास क्षेत्र' किंवा 'नैसर्गिक क्षेत्र' झाली आहे; दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून शब्द नीट वाचा.

आता रेघेची गोष्ट. 1:4000 प्रमाणाच्या नकाशावर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 4 मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ 2 मीटर खाते, आणि गावठाणातले घर कित्येकदा 4 मीटरच रुंद असते. म्हणजे निम्मे घर नुसत्या रेघेच्या जाडीत. त्यामुळे मोबाइलवर नकाशा मोठा करून "वाचलो" किंवा "गेलो" ठरवू नका. भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची अधिकृत प्रत) घ्या आणि रस्त्याची आखणी त्यावर चढवून मागा. एका नंबरात चार-पाच घरे असतील तर आपला भाग रंगवून नकाशा जोडा, नाहीतर रिमार्क सबंध नंबराचा येतो.

जुन्या रस्त्यांची रस्तारेषा (रस्त्याची ठरवलेली कड) महापालिका अधिनियम 1888 च्या कलम 297 खाली वेगळी ठरते. तिचा अभिप्राय वेगळा मागवा. विकास आराखड्यात दिसत नाही म्हणून ती नाही, असे नसते. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशाही बघा. 1,000 चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा संरक्षित पट्टा धरला जातो, मग झोन कुठलाही असो.

मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 ची सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. हरकत एका पानाची लिहा: मौजा, सीटीएस, आरक्षणाचा संकेत, जागेवर आज काय आहे (विहीर, क्रूस, मासळी सुकवायची ओळ, नावाने लिहा), आणि काय बदल हवा. छापील मजकुरावर पाचशे सह्या घेतल्या तर सुनावणीत मुद्दा एकच धरला जाण्याची शक्यता असते. "रद्द करा" एवढेच लिहिलेली हरकतही लंगडी पडते. रस्ता कुठून वळवता येईल ते पेन्सिलीने दाखवा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या.

आरक्षण पडून राहिले तर कलम 127 आहे. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. 2018 मध्ये नव्याने पडलेल्या आरक्षणाला ही नोटीस 2028 च्या आधी देता येत नाही. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडावेच लागतात, आणि आजोबांच्या नावाची ती पत्रिका इथे पुन्हा आडवी येते.