गटात तीन संघ बरोबरीत आले, तर क्रमवारी कशी लावायची

हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत (२०२३) पुरुष बास्केटबॉलचे १६ संघ चार गटांत होते. गटात पहिला आलेला थेट उपांत्यपूर्व फेरीत, दुसऱ्या-तिसऱ्याला आधी एक जादा सामना, चौथ्याने गाशा गुंडाळायचा. गटात जॉर्डनकडून ६२-८७ असा मार खाल्लेल्या फिलिपिन्सला म्हणूनच कतारशी जादा सामना खेळावा लागला. (पुढे अंतिम सामन्यात जॉर्डनलाच ७०-६० हरवून सुवर्ण त्यांनी नेलं, ते सोडा.) थोडक्यात, गटातला क्रमांक महत्त्वाचा, आणि तो काढताना भलेभले चुकतात.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात विजयाला २ गुण, पराभवाला १. संघ आलाच नाही तर ० गुण आणि निकाल ०-२०. दोनच संघ बरोबरीत असतील तर फार डोकं चालवू नका: त्यांच्यातला सामना जिंकणारा वर. गुणफरक (सामन्यांत केलेल्या गुणांतून प्रतिस्पर्ध्याला दिलेले वजा) बघायचाही नाही.

खरी गंमत तिघांत. समजा, क, ख, ग या तिघांनीही गटातल्या चौथ्या संघाला, घ ला, हरवलं. आपसात क ने ख ला ७०-६४, ख ने ग ला ९१-८१ आणि ग ने क ला ६७-६५ हरवलं. तिघांचेही दोन विजय, एक पराभव.

आता घ चे सगळे सामने कागदावर चक्क खोडा. ख ने त्याला ४० गुणांनी धुतलं असेल, तरी इथे त्याचा उपयोग नाही. उरलेल्या तीन सामन्यांतला गुणफरक काढा: क +६ −२ = +४, ख −६ +१० = +४, ग −१० +२ = −८. बेरीज शून्य आली पाहिजे. नाही आली तर एखादा स्कोअर उलटा लिहिला गेलाय.

ग तिसरा, हे ठरलं. इथे बहुतेक जण पुढच्या निकषाकडे, म्हणजे आपसातल्या सामन्यांत केलेल्या एकूण गुणांकडे वळतात: ख चे १५५, क चे १३५, म्हणून ख पहिला. साफ चूक. एखाद्या संघाचा क्रमांक लागला की उरलेल्यांसाठी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करायची. उरले क आणि ख, त्यांच्यातला सामना क ने जिंकलाय. क पहिला, ख दुसरा.

तिघांचा फरकही सारखाच निघाला, तरच आपसातले एकूण गुण. त्यानंतर घ धरून सगळ्या सामन्यांचा फरक, मग सगळ्या सामन्यांतले गुण, आणि अगदीच अडलं तर चिठ्ठ्या.

त्यामुळे शेवटच्या मिनिटाला सहाने मागे पडलेला संघही जीव तोडून बचाव करतो, कारण आठने हरणं कदाचित महागात पडेल. फरक वाढवायला जादा वेळ मिळावा म्हणून मुद्दाम स्वतःच्याच बास्केटमध्ये चेंडू टाकून बरोबरी साधण्याची शक्कल मात्र चालत नाही. तो नियमभंग असतो, बास्केट धरली जात नाही.