फोन पुरेल की कॅमेरा घ्यावा? घरच्या घरी करायची चाचणी

फोन आणि कॅमेऱ्याची तुलना बहुतेक जण दुकानात, भरपूर उजेडात आणि दोन्हींच्या आपापल्या स्क्रीनवर करतात. तिथे फोनच जिंकतो. त्याची स्क्रीन कितीतरी उजळ असते, शिवाय नव्या फोनच्या एचडीआर (उजळ आणि गडद दोन्ही भाग टिकवणाऱ्या) फोटोंमध्ये उजळ भाग त्या स्क्रीनवर जास्त चमकवण्याची माहिती फाइलमध्येच साठवलेली असते. त्यापुढे कॅमेऱ्याची मागची स्क्रीन मलूल दिसणारच. त्यामुळे विकत घेण्याआधी ओळखीतल्या कोणाचा तरी कॅमेरा दोन दिवस मागून आणा किंवा भाड्याने घ्या, आणि आपल्याच घरात, आपल्याच माणसांवर चाचणी करा.

आधी लेन्सचा हिशेब

चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) साधारण ९.८ × ७.३ मिमी असतो, तर एपीएस-सी (लेन्स बदलता येणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांमधलं सेन्सरचं माप) कॅमेऱ्याचा २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ पाचपट, म्हणून कॅमेरा पाचपट सरस, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण फोनची लेन्स एफ/१.८ असते (हा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो) आणि कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी किट लेन्स १८ मिमीला (तिच्या सर्वांत रुंद चौकटीला) एफ/३.५. म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर तिच्यातून पावणेचारपट कमी प्रकाश पडतो. पाचपटीतली बहुतेक आघाडी इथेच संपली. कॅननच्या आर५० या एपीएस-सी कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-४५ लेन्स तर १८ मिमीला एफ/४.५ आहे, तिथे हिशेब उलटून फोनच किंचित पुढे जातो. त्यात फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र करतो, त्यामुळे स्थिर दृश्यात त्याचा नॉइज (फोटोतले दाणे) आणखी कमी होतो.

म्हणून किट लेन्सवर चाचणी करून 'कॅमेऱ्यात काही राम नाही' म्हणू नका. सोबत ५० मिमी किंवा ३५ मिमी एफ/१.८ लेन्सही मागून आणा. खरी चाचणी तिची आहे.

तयारी

आधी फोनची लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. दिव्यांभोवती पसरट धूसर वलय दिसतं, त्याचं कारण बहुतेकदा बोटाचा तेलकट डाग असतो. ब्यूटी किंवा फेस रिटच बंद करा. बाकी फोन त्याच्या नेहमीच्या ऑटो मोडवरच ठेवा. अनेक फोनमध्ये प्रो मोडमधली रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल एकाच फ्रेमची असते, म्हणजे फोनची मुख्य ताकदच आपण काढून घेतो.

कॅमेऱ्यावर 'एम' मोड (शटर आणि एफचा आकडा आपण ठरवायचा), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो आणि फाइल रॉ + जेपेग ठेवा. फोकससाठी एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर आणा. सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा कधी कानातल्यावर, कधी मागच्या कपाटावर फोकस करतो आणि दोष लेन्सला दिला जातो.

शटरबाबत (फोटो टिपायला लागणारा वेळ, सेकंदात) एक गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायची. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. घरातल्या दिव्यात शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. १/५०० केलंत तर फोटोवर आडवे काळे पट्टे येऊ शकतात, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर.

कशाचे फोटो काढायचे

भर दुपारच्या उन्हात अंगणाचा फोटो काढून फार काही कळत नाही. तिथे दोघेही उत्तम. एक फोटो काढा आणि पुढे जा.

संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घरातल्या कोणाला तरी खुर्चीवर बसवा, शेजारी भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवा आणि खांद्यावर जरीकाठाचं काही असू द्या. आधी फोनच्या १ एक्सवर (झूम न करता), मग किट लेन्सवर १८ मिमीला, तेवढीच चौकट धरून फोटो घ्या. नंतर ५० मिमी लावून एफ/२ आणि १/१०० वर कमरेपासून वरचा फोटो घ्या. एपीएस-सीवर उभ्या चौकटीत एक मीटर उंचीचा भाग बसवायला सुमारे २.१ मीटर मागे जावं लागतं. उभ्या माणसासाठी चार मीटर लागतात, जे १० बाय १२च्या खोलीत मिळत नाहीत. तिथे ३५ मिमी बरी. फोनने हाच फोटो घेताना जवळ जाऊ नका, २ एक्स वापरून तेवढ्याच अंतरावर उभे राहा. जवळून नाक मोठं दिसतं ते अंतरामुळे, फोनच्या दर्जामुळे नव्हे.

या जोडीत पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: भुवया, कपाळावरचे भुरभुरते केस, जरीची वीण, छोट्या जाहिरातींची अक्षरं. फोन नॉइज पुसताना बारीक पोतही पुसतो आणि मग कडा धारदार करतो. त्यामुळे केस मेणासारखे एकजीव आणि अक्षरं जाड दिसतात. पोर्ट्रेट मोड वापरलात तर चष्म्याची काडी, नथ आणि गजऱ्याची कड पाहा. मागचा भाग धूसर करायचं काम तिथे सॉफ्टवेअर करतं, आणि चुकतं ते नेमकं याच जागी.

मग हालचाल. दिवसा गॅलरीत किंवा अंगणात पळत्या मुलाचा फोटो कॅमेऱ्यावर १/५०० ठेवून घ्या आणि फोनवर ऑटोमध्ये. हेच दिवे लागल्यावर १/१००ने करा. फोनमध्ये कधी हात पुसट, कधी बोटं दुहेरी दिसतील, कारण वेगवेगळ्या फ्रेममधला हात एकाच फोटोत आला. ढोल-ताशा किंवा लेझीम टिपायची असेल तर हीच चाचणी सर्वांत निर्णायक.

लांबच्या वस्तूसाठी एक युक्ती. ३ एक्स दाबलं तरी कमी उजेडात फोन बऱ्याचदा टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स वापरतच नाही. मुख्य कॅमेऱ्याचं चित्र कापून मोठं करतो. टेलिफोटोवर बोट ठेवून पाहा. स्क्रीनवर चित्र तसंच राहिलं तर ती लेन्स झोपलेली आहे. भिगवणला रोहित पक्षी टिपायचे असतील तर हा प्रश्न लवकर सुटतो: एपीएस-सीवर २५० मिमी लेन्स म्हणजे पूर्ण फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत ३७५ ते ४०० मिमी. बहुतेक फोनमध्ये ५ एक्स म्हणजे १२० मिमीच्या आसपास.

शेवटी खिडकीकडे पाठ करून माणूस उभा करा. फोनचा फोटो जागच्या जागी चांगला येईल. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये चेहरा काळा नाहीतर खिडकी पांढरी होईल. इथे रॉ फाइल डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून सावल्या उचलाव्या लागतात. हे काम दर फोटोमागे करायची तयारी नसेल, तर कॅमेऱ्याचा मोठा फायदा वायाच जाणार. हे स्वतःशी प्रामाणिकपणे आधीच ठरवा.

पाहायचं कसं

दोन्हींच्या मूळ फाइल एकाच लॅपटॉपवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायच्या तर 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवल्या की आकार आणि तपशील दोन्ही घटतात. २४ मेगापिक्सेल आणि १२ मेगापिक्सेल १०० टक्क्यांवर शेजारी ठेवणं चुकीचं आहे, कारण एकाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो. दोन्हींची आखूड बाजू २४०० पिक्सेल करा. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ती ८ इंच होते, म्हणजे ८ × १२च्या प्रिंटची आखूड बाजू. मग उजेड आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची पिवळी-निळी झाक) सारखे करा. थोडासा उजळ आणि पिवळसर फोटो पाहणाऱ्याला जास्त आवडतो, आणि त्यालाच तो 'क्वालिटी' म्हणतो. फाइलींना नुसती क, ख अशी नावं द्या आणि निवड घरातल्या दुसऱ्या कोणाला करू द्या.

दोन जोड्यांच्या ८ × १२ प्रिंटही काढा. लॅबला 'करेक्शन करू नका' असं स्पष्ट सांगा. नाहीतर ऑपरेटर दोन्ही फोटो आपल्या सवयीने उजळ आणि रंगीत करून देतो, आणि फरक तिथेच बुजतो.

निकाल कसा वाचायचा

फोटो फक्त स्टेटसला जाणार, आणि किट लेन्स व ऑटो मोडच्या पुढे जायची इच्छा नाही, तर कॅमेरा घेऊ नका. तेच पैसे चांगल्या फोनमध्ये घाला. चेहरे, स्टेजवरचे कार्यक्रम, पक्षी किंवा १२ × १८च्या अल्बमची पानं हवी असतील, तर कॅमेऱ्याची बॉडी एक पायरी खालची किंवा वापरलेली घ्या आणि वाचलेला पैसा ३५ किंवा ५० मिमी एफ/१.८ मध्ये लावा. वापरलेली लेन्स घेताना तिच्यातून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहा. ती बुरशी असते. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या वर गेली की जेल गरम करून सुकवा किंवा बदला.