कम्पल्सिव्ह, कम्पल्सरी, इम्पल्सिव्ह: या चुका टाळा

मुंबईत दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. हेच इंग्रजीत सांगताना ‘हेल्मेट इज कम्पल्सिव्ह’ असं लिहिलं, तर हेल्मेट घातल्याशिवाय लोकांना राहवतच नाही असा अर्थ निघतो. वाहतूक पोलिसांना तो आवडेल, पण तिथे हवा आहे ‘कम्पल्सरी’. २०२० साली राज्यातल्या शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, त्याच्या इंग्रजी नावातही हाच शब्द आहे.

दोन्ही शब्द ‘भाग पाडणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत, म्हणून गोंधळ होतो. कम्पल्सरीमध्ये भाग पाडणारा बाहेर असतो: कायदा, शाळा, सोसायटीची कमिटी. कम्पल्सिव्हमध्ये तो माणसाच्या आतच बसलेला असतो. भाषांतर करताना हाच घोळ मराठीत उलटा होतो आणि कम्पल्सिव्हसाठी ‘अनिवार्य’ लिहिलं जातं. अनिवार्य म्हणजे टाळता न येणारं, सक्तीचं. इथे ‘अनिवार’ किंवा ‘अनावर’ हवं. एका ‘य’ने अर्थ पालटतो आणि मुद्रितशोधकाच्याही नजरेतून ते सहज निसटतं.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती इम्पल्सिव्हशी. लिंकिंग रोडवरून जाताना चप्पल दिसली, आवडली, घेतली. घरी आल्यावर वाटलं, उगाच घेतली. ही हुक्की, म्हणजे इम्पल्सिव्ह खरेदी. तीच व्यक्ती गरज नसताना, पैसे नसताना, घरी भांडणं होत असतानाही पुन्हा पुन्हा खरेदी करते, केल्याशिवाय अस्वस्थ होते आणि केल्यावर तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, तर ती कम्पल्सिव्ह. कधीकधी त्यात आधीपासून आखणीही असते, त्यामुळे ‘विचार न करता केलेलं’ ही खूण इथे चालत नाही. पुन्हा पुन्हा घडणं आणि स्वतःला थांबवता न येणं, या दोन गोष्टी तपासा. नुसती वडापावची तल्लफ आली तर ते ‘क्रेव्हिंग’; त्याला कम्पल्शन म्हणण्याचं कारण नाही.

‘ओसीडी’ म्हणजे ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’, त्यातला मधला शब्द हाच. मराठीत या आजाराला मंत्रचळ म्हणतात. त्यात ऑब्सेशन म्हणजे मनात घुसणारा नकोसा विचार आणि कम्पल्शन म्हणजे तो शमवण्यासाठी केलेली कृती. ‘कुलूप लागलं नसेल तर?’ हे ऑब्सेशन. स्टेशनवरून परत येऊन कुलूप ओढून पाहणं, मग पुन्हा पाहणं, हे कम्पल्शन. दोन्ही शब्द अदलाबदल करून वापरू नका. कपाट नीट लावणाऱ्याला ‘अगदी ओसीडी आहे’ म्हणणंही चूकच. निदानाच्या निकषांत हे विचार आणि कृती दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ खाणं, किंवा त्यांनी रोजचं जगणं विस्कळीत होणं, असा मुद्दा असतो. तसं होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

आता वाक्यरचना. ‘आय अ‍ॅम कम्पल्सिव्ह टू ईट’ असं इंग्रजीत होत नाही. ‘आय ईट कम्पल्सिव्हली’ म्हणा किंवा ‘आय फील अ कम्पल्शन टू ईट’. विशेषण बहुधा नामाच्या आधी येतं: कम्पल्सिव्ह लायर, कम्पल्सिव्ह गॅम्बलर. उच्चारताना जोर ‘पल्’वर द्या.

मात्र ‘कम्पल्सिव्ह’ नेहमीच तक्रारीचा शब्द नसतो. माणसाला लावला तर दोष, पण मालिकेला किंवा पुस्तकाला लावला तर कौतुक. ब्रिटिश इंग्रजीत ‘कम्पल्सिव्ह व्ह्यूइंग’ म्हणजे पाहायला बसलं की उठवत नाही असं काही. पुरावा किंवा युक्तिवाद पटण्याजोगा असेल तर मात्र ‘कम्पेलिंग’च, कम्पल्सिव्ह पुरावा असं काही नसतं.

राहिलं आपल्या वर्तमानपत्रांतलं ‘पोलिटिकल कम्पल्शन’. त्याचा अनावर ओढीशी काही संबंध नाही. आघाडी टिकवायची म्हणून नको असलेल्या माणसाला मंत्रिपद द्यावं लागतं, त्याला साध्या मराठीत नाइलाज म्हणतात. तिथे भाषांतरात ‘राजकीय अनिवार्यता’ घालून वाक्य जड करू नका.