डीपीटीचं कॉलेज निवडताय? डिपॉझिट भरायच्या आधी एवढं करा

हे अमेरिकेतल्या डीपीटीबद्दल आहे (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे तिथे फिजिओथेरपिस्ट व्हायची पदवी), आणि ज्यांच्या हातात दोन-तीन ऑफर आहेत त्यांच्यासाठी. प्रवेश कसा मिळवायचा, निबंधात काय लिहायचं, ते सगळं सोडून देते. प्रश्न एवढाच की यातलं कुठलं घ्यायचं, आणि डिपॉझिटची तारीख डोक्यावर आलेली असताना नेमकं काय तपासायचं. बहुतेक ठिकाणी ते डिपॉझिट परत मिळत नाही, म्हणून जे काही विचारायचं ते आधी.

मान्यता. ती देते कॅप्टी ही संस्था. तिच्या संकेतस्थळावरच बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर नाही. नवीन कॉलेजच्या नावापुढे ‘कँडिडेट’ दिसलं, तर प्रक्रिया चालू आहे एवढंच समजा. पूर्ण मान्यतेची हमी त्यात नसते, आणि निर्णय येतो तो पहिली बॅच बाहेर पडायच्या बेतात असताना. मान्यता मिळाली नाही तर परवान्याच्या परीक्षेचं घोडं तिथेच अडतं. भारतातून बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून आलेल्यांनी आणखी एक नीट वाचा: ट्रान्झिशनल डीपीटी, म्हणजे आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठीची वाढीव पदवी, ही वेगळी भानगड आहे. कॅप्टी फक्त एन्ट्री-लेव्हल, म्हणजे या पेशात पहिल्यांदा शिरण्यासाठीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. ट्रान्झिशनल पदवीमुळे परवाना आपोआप हातात पडत नाही. नावातल्या ‘डीपीटी’ला भुलून पैसे भरू नका.

मग निकाल. कॉलेजं ‘अल्टिमेट पास रेट’ ठळक अक्षरांत छापतात. म्हणजे कितव्याही प्रयत्नात का होईना, एनपीटीई, म्हणजे परवान्याची परीक्षा, सुटलेल्यांचा टक्का. कॅप्टीला तो दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८५ लागतो, त्यामुळे ९६-९७ बघून हुरळून जाऊ नका. पहिल्याच प्रयत्नात किती सुटले ते शोधा. त्याच्या शेजारीच ग्रॅज्युएशन रेट असतो, तोही बघा. चाळीस जण आत गेले, तेहतीसच बाहेर पडले आणि ते सगळे पास झाले, तरी कॉलेज शंभर टक्के लिहायला मोकळं. उरलेल्या सात जणांचं काय झालं, हे विचारायला लाजू नका. अर्ध्यावर सोडणाऱ्यांच्या डोक्यावरही कर्ज असतंच.

रँकिंगवर मी वेळ घालवणार नाही. यू. एस. न्यूजची क्रमवारी म्हणजे इतर कॉलेजांतल्या लोकांना विचारलेलं मत. नोकरी देणारा परवाना बघतो.

आता खरा मुद्दा. हा राहिला की पुढची सगळी गणितं कोलमडतात: क्लिनिकल रोटेशन, म्हणजे हॉस्पिटलात जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, कुठे होणार? कोण ठरवणार? तिथे राहायचं भाडं कोण भरणार?

डीपीटीत पूर्णवेळ क्लिनिकल किमान ३० आठवडे असतं, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त. त्या काळात पगार साधारणपणे नसतोच, फी मात्र चालू राहते. जागा दुसऱ्या राज्यात मिळाली तर कॉलेजजवळच्या खोलीचा करार मोडता येत नाही आणि तिकडेही भाडं भरावं लागतं. वर गाडी हवीच. प्रवेशाच्या सादरीकरणात एक नकाशा दाखवतात, देशभर टाचण्या टोचलेला, खाली लिहिलेलं असतं की शेकडो ठिकाणांशी आमचे करार आहेत. त्या नकाशावर जाऊ नका. टाचणी म्हणजे करार, जागा नव्हे. ते हॉस्पिटल यंदा विद्यार्थी घेणार आहे का, घेतलाच तर तुमच्या कॉलेजचा की शेजारच्या कॉलेजचा, हे टाचणी सांगत नाही.

म्हणून क्लिनिकल शिक्षणाच्या प्रमुखांना ईमेल करा. फोन नको, ईमेल. उत्तर लेखी हवं. गेल्या बॅचमधल्या किती जणांना रोज घरून जाता येईल अशी जागा मिळाली? जागा सोडतीने देतात की पसंतीक्रमाने? एक तरी रोटेशन ग्रामीण भागात करण्याची सक्ती आहे का? हॉस्पिटलने ऐन वेळी नकार दिला तर पदवी लांबते का, आणि त्या वाढीव सत्राची फी कोण भरतं? लहान मूल किंवा आजारी आईवडील घरी असतील तर जवळची जागा देतात का? ‘आम्ही सगळ्यांना सामावून घेतो’ असं गुळमुळीत उत्तर आलं, तर तेच प्रश्न परत पाठवा. आकडा मागा. पुन्हा सांगते, आकडा आल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.

पैशाची बेरीज यानंतरच करा, कारण क्लिनिकलचा खर्च फीच्या तक्त्यात बहुधा दिसतच नाही. कॅप्टीच्या नियमामुळे प्रत्येक कॉलेजला खर्चाचं पत्रक प्रसिद्ध करावं लागतं. ते डाउनलोड करा आणि त्याखाली आपल्या हाताने दुसरं भाडं, पेट्रोल, लसी, पार्श्वभूमी तपासणी हे लिहा. सरकारी कर्जावर भिस्त असेल तर सावध: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज) बंद. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची वार्षिक मर्यादा २०,५०० डॉलर, ‘प्रोफेशनल’ गटाची ५०,०००. तुमच्या डीपीटीला कुठली लागू, हे आर्थिक मदत कार्यालयाकडून लेखी घ्या. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर हे कर्ज तुमच्यासाठी नाहीच. राज्याच्या विद्यापीठात तिथल्या रहिवाशाची फी किती वर्षांनी लागते, तेही विचारा. काही ठिकाणी शेवटपर्यंत लागत नाही.

काही हायब्रिड अभ्यासक्रम दोन वर्षांत उरकतात, थिअरी ऑनलाइन, लॅबसाठी अधूनमधून कॅम्पसवर. विमानाचं तिकीट आणि हॉटेल तुमचं. घरी राहून शिकायचं म्हणजे क्लिनिकलही घराजवळ, असा समज करून घेऊ नका. विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, पण कॉलेजने पुढे केलेल्या गोड मुलांशी नाही, स्वतः शोधा. त्यांना पहिला प्रश्न कुठला, ते आता वेगळं सांगायला नको. अॅनाटॉमीला मृतदेहावर काम करायला मिळतं का. नापास झाल्यास पुन्हा संधी की थेट घरी. बॅच केवढी आणि लॅबमध्ये एका शिक्षकामागे किती जण. पार्किंग.

बाकी किरकोळ. लसींच्या नोंदी आणि हेपेटायटिस बीची टायटर चाचणी (रक्तात प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी) आत्ताच काढून ठेवा, क्लिनिकलला लागतात आणि उशीर झाला तर जागा जाते. वेटलिस्टवर असाल तर एक ईमेल पुरे, दर आठवड्याला नको. नको असलेल्या ऑफर लगेच नाकारा, कुणीतरी त्या जागेची वाट बघतंय. आणि क्लिनिकल प्रमुखांच्या त्या लेखी उत्तराची प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. कॉलेजचं खातं पदवीनंतर बंद होऊ शकतं.