जंगलकाठच्या भाताची राखण : पहाणीपासून पोचपावतीपर्यंत

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा, लोंढा, नागरगाळी या पट्ट्यात, शेताचा शेवटचा बांध आणि जंगलातले पहिले झाड यांत पुष्कळदा एका गाडीवाटेचेच अंतर असते. २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य याच तालुक्यात असून दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाचे, पश्चिमेला गोव्यातील म्हादईचे आणि उत्तरेला महाराष्ट्रातील चंदगड-तिळारीचे जंगल त्याच्याशी जोडलेले आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातले हत्ती सिंधुदुर्गात उतरले ते याच सलग जंगलामुळे. त्यामुळे आपल्या शिवारात जनावर येणारच, हे धरूनच शेतकऱ्याने वर्षाची आखणी करावी. येथे मुख्यतः भातपिकाचा विचार केला आहे. ऊस आणि रताळी यांना त्यातले बहुतेक सगळे लागू पडते.

राखण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऑक्टोबरमधली रात्र, माळा (मचाण) आणि बॅटरी येते. माझ्या मते राखणीचे पहिले काम मे महिन्यात करायचे असते, आणि ते म्हणजे शेताची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारासारखा उतारा, काढून नीट वाचणे. वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई पहाणीवर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात जमा होते. आमच्या भागात कित्येक जमिनी अजूनही आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत, भावाभावांत वाटण्या तोंडी झालेल्या आहेत आणि पहाणी कन्नडमध्ये असल्यामुळे ती कोणी बारकाईने वाचलेलीही नसते. आमच्या घरी हे शहाणपण उशिरा आले. पोटरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या भातात रानडुकरांचा कळप दोन रात्री लोळला, अर्ज केला, पाहणी झाली, आणि तीन महिन्यांनी कार्यालयातून उत्तर आले की खातेदार मयत असल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही. उत्तर नियमाला धरूनच होते, पण त्या वर्षी घरात विकत आणलेला तांदूळ शिजला. म्हणून वारसा नोंद राहिली असेल तर पेरणीच्या आधी तलाठ्याकडे अर्ज द्यावा, पिकाच्या रकान्यात भाताचीच नोंद आहे ना ते पाहावे, आणि आधार व बँक खात्यावरचे नाव पहाणीवरील नावाशी अक्षरशः जुळते का ते तपासावे. मराठी नाव कन्नडमध्ये आणि तेथून इंग्रजीत जाताना एखादे अक्षर बदलते आणि नेमके तेथेच पैसे अडकतात. ज्यांची जमीन राज्याच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, शेतकरी कोठेही राहत असला तरी शेत ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या वनखात्याकडे अर्ज करावा लागतो.

दुसरे काम कुंपणाचे. घायपात, करवंद किंवा निवडुंग यांची दाट वई गव्याला आणि गुरांना काही प्रमाणात अडवते. डुक्कर मात्र खालून वाट काढते. जुन्या साड्या बांधणे, बुजगावणे उभे करणे, वाऱ्यावर वाजणारे डबे टांगणे हे उपाय खोटे नाहीत, पण त्यांचे आयुष्य आठवडाभराचे असते. जनावराला एकदा कळले की यातून काही होत नाही, की ते साडी तुडवून आत येते. म्हणून असले उपाय पेरणीपासून करून वाया घालवू नयेत. दाण्यात दूध भरू लागल्यापासून कापणीपर्यंतच्या नाजूक दिवसांसाठी ते राखून ठेवावेत आणि दर तीन-चार दिवसांनी त्यांची जागा बदलावी. शेणीवर सुकी मिरची टाकून केलेल्या धुराचा हत्तीवर परिणाम होतो, परंतु वारा शेताकडून जंगलाकडे वाहत असेल तरच. उलट्या वाऱ्यात तो धूर राखणदारालाच हुसकून लावतो.

टिकाऊ उपाय सौर कुंपणाचा आहे, पण तो समजून केला तरच. बारा व्होल्टच्या बॅटरीवरचे यंत्र साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही छोट्या भागापुरता, हजारो व्होल्टचा झटका तारेत सोडते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तारेत वीज नसल्यामुळे जनावराला मागे सरायला सवड मिळते आणि ते मरत नाही. हा झटका तारेतून जनावराच्या अंगात, अंगातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परत जातो, म्हणून तारेइतकेच अर्थिंग, म्हणजे यंत्राची जमिनीशी जोडणी, महत्त्वाचे. आपल्या जांभ्या जमिनीत पावसाळा सरला की वरचा थर कोरडा पडतो आणि नेमक्या भात पिकण्याच्या वेळी झटका मंदावतो. अर्थिंगच्या तीन सळया थोड्या अंतराने खोल ठोकाव्यात, भोवती कोळसा आणि मीठ घालावे, आणि दसऱ्यानंतर तेथे दर दोन दिवसांनी घागरभर पाणी ओतावे. डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच असावी, कारण ते नाकाने चाचपत येते आणि झटका नाकालाच बसायला हवा. दुसरी तार गुडघ्याच्या उंचीवर आणि गव्यासाठी आणखी दोन तारा छातीपर्यंत घ्याव्यात. खालच्या तारेला गवत टेकले की वीज गवतातून जमिनीत गळते. श्रावणात आठ दिवसांत गवत तारेपर्यंत पोहोचते, तेव्हा दर आठवड्याला कोयत्याने कुंपणाखालची पट्टी साफ करणे हे काम टाळता येत नाही. कुंपण तपासण्याचे छोटे मीटर मिळते. आकडा पाच हजार व्होल्टच्या खाली आला की कोठेतरी गळती आहे असे समजून पूर्ण फेरी मारावी. एकट्याच्या दोन एकरांभोवती कुंपण घालण्यापेक्षा जंगलाच्या बाजूला लागून असलेल्या आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून एकच लांब ओळ टाकणे स्वस्त पडते, पण त्यात गवत कोणी काढायचे याची पाळी आधीच ठरवावी, कारण एकाच्या बांधावरची गळती सगळ्यांचे कुंपण निकामी करते. सौर कुंपणासाठी वनखात्याची सवलत आहे का याची चौकशी खात्याच्या रेंज (परिक्षेत्र) कार्यालयात उन्हाळ्यातच करावी.

घरची किंवा मोटारीची वीज तारेत सोडणे हा मात्र उपायच नव्हे, आणि येथे मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. ती वीज झटका देऊन सोडत नाही, धरून ठेवते. पहाटे पाणी सोडायला आलेला शेजारी, चुकलेली म्हैस, हत्तीचे पिल्लू यांपैकी कोणालाही ती ओळखत नाही. वीज कायद्याखाली ती चोरी ठरू शकते, माणूस दगावल्यास सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि हत्ती, गवा, बिबट्या, अस्वल हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्यांच्या हत्येला किमान तीन वर्षांची कैद आहे. डुकरासाठी लावलेला क्लचवायरचा फासही तितकाच वाईट, कारण त्यात बिबट्या अडकतो आणि जखमी बिबट्या गावाजवळच दबा धरून बसतो. धडधाकट बिबट्या वस्तीत शिरला तरी काय होते हे २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावने पाहिले: गोल्फ मैदानाच्या झाडीत एक बिबट्या दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतले पाळीव हत्ती आणले गेले, आणि तरीही तो हाती लागला नाही.

रात्रीच्या राखणीला एकट्याने जाऊ नये. माळा जमिनीवरच्या खोपीपेक्षा बरा, आणि तो हत्तीच्या वाटेवर किंवा एकट्या फणसाच्या झाडावर बांधू नये, कारण फणसासाठी हत्ती त्या झाडाशीच येतो. माळ्यावर निदान दोघे असावेत, फोन चार्ज केलेला असावा, आणि वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक फोनमध्ये भरलेला असावा. आवाज द्यायचा तो लांबून आणि एका बाजूनेच. जंगलाकडची वाट मोकळी ठेवावी. दोन गावांनी दोन्हीकडून फटाके लावले की कळप मध्ये कोंडतो आणि मग तो घरांच्या दिशेनेही सुटतो. त्यामुळे हत्ती आल्याचे कळताच पलीकडच्या गावाला फोन करून कोणत्या बाजूने हाकायचे हे ठरवावे. हद्दीपलीकडचे गाव चंदगड तालुक्यातले असले तरी त्यांचे भात आपल्या भातासारखेच उभे असते. एकटा गवीरेडा बांधावर उभा दिसला तर त्याचा पाठलाग करू नये, त्याला चित्रफितीसाठी घेरू नये. पुष्कळदा तो आपण होऊन निघून जातो.

अस्वलाची गोष्ट वेगळी आहे. ते भातासाठी येत नाही. वारुळे, जांभळे, काजूची बोंडे यांच्यामागे फिरताना झुडपात माणसाच्या अंगावर येते, आणि ते बहुधा दचकून. काजू वेचायला जाताना बोलत, काठी आपटत जावे. हल्ला झालाच तर पळू नये, पालथे पडून मान दोन्ही हातांनी झाकावी. जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि टाके घालण्याआधी डॉक्टरांकडे रेबीजच्या लशीचा विषय स्वतः काढावा.

नुकसान झालेच, तर सकाळी शेतात शिरण्यापूर्वी बांधावर थांबून आधी नीट पाहावे. डुक्कर कणसे ओढून चघळते आणि भुशाचे चोथे थुंकते, पीक लोळून आडवे करते, आणि त्याच्या खुरांमागे दोन लहान टिंबे उमटतात. गवा शेंडे कापल्यासारखे खातो आणि त्याचे खूर बैलापेक्षा मोठे, रुंद असतात. हत्ती मूठभर भात मुळासकट उपटतो, झटकून माती पाडतो आणि बुडखे टाकून देतो. त्याच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजून दुप्पट केला की त्याची खांद्यापर्यंतची उंची कळते. उसाच्या बुंध्याला तिरके कुरतडलेले असेल आणि जवळ काटा सापडला तर तो साळिंदर. हे सगळे पंचनाम्यात लिहिले जायला हवे, म्हणून ठशाशेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढावा, एक फोटो असा घ्यावा की त्यात शेत आणि ओळखीची खूण, म्हणजे विहीर, मंदिर किंवा खांब, दोन्ही दिसतील, आणि ठशांवर टोपली पालथी घालून ठेवावी. पाहणी होईपर्यंत तो भाग कापू नये. उरलेले पीक काढणे अगदी निकडीचे असेल तर खराब झालेला तुकडा तसाच उभा ठेवून बाकीचे कापावे.

त्याच दिवशी वनखात्याच्या गार्डाला फोन करावा, पण फोनवर थांबू नये. लेखी अर्ज, पहाणी, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि फोटो घेऊन रेंज कार्यालयात जावे. अर्ज संगणकावर भरला गेला की त्याचा क्रमांक मागून घ्यावा. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेणे शहाणपणाचे आहे. शाळेत कन्नड शिकलेली मुले आता प्रत्येक वाड्यात आहेत, त्यांना हाताशी धरावे. महजरावर, म्हणजे पंचनाम्यावर, सही करण्यापूर्वी त्यातील क्षेत्राचा आकडा मोठ्याने वाचून घ्यावा, कारण दहा गुंठ्यांचे तीन गुंठे झालेले नंतर दुरुस्त होत नाहीत. पंच म्हणून शेजारच्या शेतकऱ्यालाच घ्यावे, आणि त्याच्या शेताच्या वेळी आपण जावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये, आणि ती प्रत पहाणीबरोबर एकाच पिशवीत ठेवावी.